बाबांचा चार्ज

तिने धाकट्या भावाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगा त्याच्याच हातात दिला आणि नळ्याही त्याच्याच कानाला लावल्या.

"दाब. काटा एकशे ऐंशीवर गेला की थांब. मग हळूहळू सोड, एकदम नाही."

त्याने दाबला, एकदम सोडला, पुन्हा दाबला. चौथ्या खेपेला त्याला ठोके ऐकू आले. आकडा बाबांच्या सकाळच्या आकड्यापेक्षा जास्त निघाला.

"घ्या," खुर्चीतून बाबा म्हणाले. "आता यानं मला सांभाळायचं की मी याला?"

धाकटा खो खो हसला. ती हसली नाही. पहाटे साडेपाचला उठून तिने रुग्णालयातली शेवटची ड्यूटी केली होती; शेवटचा दिवस म्हणून कोणी पाच मिनिटंही लवकर सोडलं नव्हतं. वॉर्डचा चार्ज दुसऱ्या सिस्टरला देऊन ती तीनला घरी आली, चहा घेतला आणि पायातले मोजेही न काढता वही घेऊन घरचा चार्ज द्यायला बसली. परवा सकाळी तिची गाडी होती.

गाडी लांबच्या शहराची. तिथल्या मोठ्या रुग्णालयात तिला नोकरी मिळाली होती आणि नोकरी सांभाळून करायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही. तो पुरा झाला की शिकवायला लागता येणार होतं. वीस वर्षं वॉर्डात उभी राहून तिच्या पिंढऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. कधीतरी खुर्चीवर बसून करायचं काम मिळावं, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा उरली होती. दोन वर्षांपूर्वी हीच जागा तिने 'घरगुती अडचणीमुळे' असं लिहून नाकारली होती. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा आनंद व्हायच्या आधी तिला नुसतं दमल्यासारखं झालं.

घरगुती अडचण म्हणजे बाबा. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि सहा महिन्यांत त्यांना हलका झटका आला. डावा पाय अजून जरा ओढायचा. धाकटा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर गावोगाव हिंडणारा, सडाफटिंग. या वेळी मात्र त्याने आपणहून इथली बदली मागून घेतली आणि काल एक बॅग व हत्यारांची पेटी घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, एवढी वही कशाला?" आता तो म्हणाला. "मी लोकांना लिफ्टमधून सुखरूप बाहेर काढतो. अजून एकही दगावलेला नाही."

"लिफ्टला गोळ्या द्याव्या लागत नाहीत."

ती उठून बाबांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली. वॉर्डात चार्ज असाच द्यायचा असतो, पेशंटच्या जवळ उभं राहून, त्याला दाखवत. वही उघडली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं,

"पेशंट, वय चौऱ्याहत्तर. खाणंपिणं व्यवस्थित. चालताना आधार लागत नाही, पण जिना उतरताना लक्ष ठेवायचं. औषध घेताना कुरकुर करतात, गोळी गालात धरून ठेवतात. ती गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही."

"मी इथंच बसलोय, सिस्टर," बाबा म्हणाले. चिडले की ते तिला सिस्टर म्हणायचे.

"मग ऐका. चुकलं तर सांगा."

तिने पान उलटलं. मीठ किती, पाणी किती, डॉक्टरांची तारीख कोणती, कोणत्या शेजाऱ्याशी बोलताना त्यांचा रक्तदाब वाढतो. धाकटा सुरुवातीला माना डोलावत होता, मग नुसता वहीकडे बघत राहिला. इतकी माहिती त्याला कुठल्याही लिफ्टबद्दल नव्हती.

"झोप," तिने वाचलं. "रात्री दहाला. झोप उत्तम. एकदा पाठ टेकली की पहाटे मी उठवीपर्यंत कूससुद्धा बदलत नाहीत."

"ही नोंद चुकीची आहे," बाबा म्हणाले.

ते पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. तिथेही वही असायची. पाळी संपली की पुढच्या माणसाच्या हातात ती वही द्यायची. तिच्यात खोटं लिहिलं तर अर्धं गाव पाण्यावाचून बसायचं. गोळी गालात धरल्याचा आरोप त्यांनी सोसून घेतला होता, पण चुकीची नोंद त्यांना सहन होईना.

"काय चुकीचं आहे?"

"मी तीनला जागा होतो. रोज. तीनला पाणी सोडायचं असायचं ना. मी निवृत्त झालो, पण ते शरीराला कोणी कळवलेलं नाही."

"मग मला कसं कळलं नाही? मी हॉलमध्येच तर असते. तुमच्या दाराच्या तोंडाशी."

"म्हणूनच," बाबा म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर अर्धवट सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "झटक्यानंतर तू पलंग तिथं टाकलास. मी नुसता पाय खाली सोडला तरी तू ताडकन उठून बसायचीस. 'काय होतंय? डोकं दुखतंय का? हात वर करून दाखवा.' महिनाभर बघितलं मी. तू पेंगत कामावर जायचीस. तेव्हापासून हलत नाही. तीन ते साडेपाच डोळे मिटून पडतो."

"चार वर्षं?" धाकट्याने विचारलं.

"साडेतीन."

ती खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसली. वॉर्डाच्या दारात उभं राहून कोण झोपलंय आणि कोण झोपेचं सोंग करतंय हे ती सांगू शकायची. नव्या मुली तिला त्यासाठी मानायच्या. आणि सहा फुटांवरच्या आपल्या बापाने तिला साडेतीन वर्षं फसवलं होतं. तिला वाईट वाटलं आणि त्याहून अपमान वाटला.

"मग मी जात नाही," ती म्हणाली. "याच्यावर कसं सोडू? एवढी साधी गोष्ट मला कळली नाही, ती याला काय कळणार? तिकडे फोन करून कळवते. फार तर रागावतील."

बोलताना तिला एकदम हायसं वाटलं. खोली शोधणं नको, या वयात परीक्षा नको, अनोळखी माणसांसमोर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. कारण आयतं सापडलं होतं. त्या सुटकेची तिला लाज वाटली, पण ती तशीच बसून राहिली.

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"तू गेलीस की मी तीनला उठणार आहे," ते म्हणाले. "दिवा लावीन. स्वयंपाकघरात जाऊन चहा करून पिईन. हिंडेन जरा. माझ्याच घरात मला मध्यरात्रीनंतर दिवा लावता येत नाही, सिस्टर. मी महिनाभर दिवस मोजतोय."



तिने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला घालवायला हे बोलले, की खरंच असं होतं? डोळे स्थिर होते, ओठाचा एक कोपरा झटक्यापासून उतरला होता तसाच होता. तिला काही सांगता येईना. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या रागाने अंगात थोडी धुगधुगी आल्यासारखं वाटलं.

ती उठली. हॉलमध्ये गेली. परवापासून तो पलंग धाकट्याचा, असं तिनेच काल ठरवून त्यावर धुतलेली चादर घातली होती. तिने चादर काढून खांद्यावर टाकली, गादी गुंडाळली आणि हाक मारली.

"इकडे ये. दुसरं टोक धर."

"कुठे न्यायचाय?"

"आतल्या खोलीत. तू तिथं झोपायचंस, दार लावून. रात्री आवाज आला तरी उठायचं नाही."

"आणि पडलेबिडले तर?"

तिने गुंडाळलेली गादी भिंतीला लावली. वीस वर्षांत असल्या प्रश्नाला तिने कधीही 'बघू' म्हटलं नव्हतं.

"पडले तर हाक मारतील," ती म्हणाली. "उचल."