अमोलिया

स्नेहलने ती डबी देव्हाऱ्यात ठेवली, कारण भरे गावातल्या त्यांच्या घरात दुसरी सुरक्षित जागाच नव्हती. कपाटात पाहुण्यांची पोरं हात घालायची आणि माळ्यावर उंदरांचं राज्य. देव्हाऱ्यात मात्र आईशिवाय कुणी बोट लावत नसे. शिकलेली माणसं चुका करतात त्या अशाच, पूर्ण विचार करून.

डबीत कापसावर करंगळीच्या पेराएवढा एक शंख होता, दगड झालेला. कच्छच्या माळावर, जिथं एके काळी समुद्र होता, तिथं तो तिच्या धाकट्या भावाला सापडला होता. अमोल काही शास्त्रज्ञ नव्हे. पिरंगुटच्या एका कारखान्याची गाडी चालवायचा आणि रजा काढून बहिणीबरोबर गेला होता. दिवसभर तिच्या विद्यार्थ्यांची टिंगल करत हिंडला आणि जेवायला बसल्या जागी मातीतून हा उचलून म्हणाला, "ताई, ह्याचं नाक शाबूत हाय बघ. तुझी बाकीची समदी नकटी!"

खरंच होतं ते. तिच्याकडे त्या जागचे ढीगभर शंख होते, पण सगळ्यांची टोकं झिजलेली. टोक म्हणजे शंखाचं बाळपण. अंड्यात असताना पडलेले पहिले वेढे तिथंच राहतात. ह्याचे पहिले वेढे डावीकडे वळले होते आणि मग सगळं अंग उजवीकडे. त्याच्या कुळातल्या कुठल्याही शंखात असं कुणी पाहिलं नव्हतं. टोक झाकून पाहिलं, तर तो जुन्याच एका जातीचा साधा शंख. टोकासकट पाहिला, तर नवी प्रजाती, जिच्या पोटात पुढं अनेक जाती येतील.

फाल्गुनात ताम्हिणी घाटात अमोलची गाडी दरीत गेली. त्यानंतर स्नेहलने प्रजातीचं नाव ठरवलं, अमोलिया. वडिलांनी, म्हणजे भिकूअण्णांनी, ते भावकीत घरोघर सांगितलं. आई बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती. नाव ऐकल्यावर एवढंच म्हणाली, "म्हंजी न्हाई गेला अजून त्यो."

तिचा शोधनिबंध तपासणाऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती. साध्या फोटोत टोकाचे वेढे धूसर दिसतात, तेव्हा मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले फोटो हवेत. ते झाले की शंख संग्रहालयात जमा होणार आणि नाव पक्कं होणार. पुण्यातल्या त्या यंत्रावर तिला घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसाची वेळ मिळाली. यंदा घरात सण नव्हता, पण घट चुकवायचा नाही असं आईचं म्हणणं. म्हणून स्नेहल डबी घेऊन घटस्थापनेच्या आदल्या दिवशीच घरी आली.

सकाळी ती अण्णांबरोबर घटासाठी शेतातली माती आणायला गेली. परत आली तेव्हा आई ओसरीवर परात घेऊन बसली होती. घट बसायच्या आधी देव उजळायचे, ही घरची रीत. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, वारलेल्या पणज्याचा टाक, सगळे फडक्यावर लखलखत होते. त्यांच्या शेवटी, लहान पोराला पंगतीत बसवावं तसा, शंख ठेवला होता. पांढराशुभ्र.

स्नेहलने मातीची पाटी खाली ठेवली.

"अमोलचा टाक वरीस सरल्याबिगर करत न्हाईत म्हनं," आई म्हणाली. "मग म्हनलं, ह्योच बसवू घटाला. लई मळला हुता गं."

"कशानं घासलास?"

"चिंचंनं. टाकांसंगं वाईच भिजत घातला. आन काय सांगू, असा बुडबुडला, असा बुडबुडला! जनू बोलाया लागला माज्याशी."

पहिल्या वर्षाच्या पोरांना स्नेहल हेच शिकवायची. दगडावर आंबटाचा थेंब टाका, फसफसला तर त्यात चुना आहे आणि तो विरघळतो आहे. तिने पिशवीतलं भिंग काढलं. वेढे नव्हते. डावीकडचे नाहीत, कुठलेच नाहीत. चोखलेल्या खडीसाखरेसारखं गुळगुळीत एक टोक होतं. ढिगातल्या नकट्यांत आणखी एक नकटा.

तिला संताप आला, परात अंगणात भिरकावून द्यावी इतका. डबी तिथं आपणच ठेवली हे आठवलं, तेव्हा त्या संतापाला जायला जागा उरली नाही.

आई तिच्या तोंडाकडे बघत होती. चिंचेने तिची बोटं सुरकुतली होती.

"वंगाळ केलं का काय गं म्या?"

"न्हाई," स्नेहल म्हणाली. घरात आली की तिची भाषा आपोआप घरची होई. "उजळलाय."

"नाव पडंल न्हवं त्याचं?"

"पडंल."

आईने शंख दोन्ही हातांनी उचलून पदराने टिपला. तो आता कुठल्याच संग्रहालयाला नको होता, तेव्हा देव्हाऱ्यातच राहणार होता. स्नेहलने परसात जाऊन यंत्रवाल्यांना फोन केला आणि उद्याची वेळ सोडून दिली. आत येऊन तिने माती पत्रावळीवर पसरली आणि त्यात गहू पेरायला घेतले.

"दर साली घटाला त्याला असाच घासनार हाय मी," आई देव मांडता मांडता म्हणाली. "मळू द्याची न्हाई."

चिंच लावू नकोस म्हणायचं, तर का ते सांगावं लागलं असतं. स्नेहल गहू पेरत राहिली.