फिनाईलने धुतलेल्या पेट्या

मांजरांची मला किळस येते, आधीच सांगून ठेवते. सोफ्यावर केस, पाण्याच्या ग्लासात केस, आणि सकाळी उठून पाय खाली टाकावा तर तिथे गार, ओलसर काहीतरी ओकून ठेवलेलं. शी! पण आमची सून घरात आली ती दोन मांजरं घेऊनच. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे घरात मी, सून आणि ही दोन. काळा बोका, त्याच्या गळ्याशी पांढरा पट्टा, म्हणून तो वकील. आणि हडकुळी मांजरी, ती चिमटी.

धरणाचं पाणी सोडणार, आमची गल्ली रिकामी करावी लागणार, असं आठवडाभर चाललं होतं. सुनेने मांजरं न्यायच्या दोन जाळीच्या पेट्या काढून स्वयंपाकघरात मांडल्या. दोघांचं खाणं त्यातच. आत जुने टॉवेल, त्यावर मासळी. "सवय व्हायला हवी आई, नाहीतर ऐन वेळी पेटी बघूनच पळतील." मांजरांना झाली सवय. मला कुठली व्हायला? त्या टॉवेलांच्या वासाने माझा घास घशाखाली उतरेना.

आज सकाळी ती औषधं आणायला बाहेर पडली आणि मी डाव साधला. मागे मळका कपडा ठेवून घर सोडणाऱ्यातली मी नव्हे. होतं नव्हतं ते सगळं मशीनला लावलं. टॉवेल कचऱ्याच्या गाडीत टाकले. मग अंगात जुना रेनकोट चढवून पेट्यांवर फिनाईल ओतलं आणि खसाखसा घासल्या. अंगावरचा कालचा गाऊन तेवढा धुवायचा राहिला, तो आंघोळीनंतर धुणार होते.

सून दारातच थबकली. "आई, हे काय केलंत?"

"उपकार केले तुझ्यावर."

तिने वाकून पेटी हुंगली. "अहो, फिनाईल मांजरांना विष असतं. पंजाला लागलं, त्यांनी चाटलं, की संपलं."

मला वाटलं, नाटकं. तेवढ्यात भोंगा वाजला. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, जो तो पिशव्या घेऊन पळत होता. सुनेने पेट्या साबणाने धुतल्या, पुन्हा धुतल्या, आत प्लास्टिक अंथरलं. वास काही हटेना. वकील एकदाच जवळ आला, नाक फेंदारलं आणि फ्रिजच्या मागे घुसला. चिमटी त्याच्या मागोमाग. हात घातला तर सुनेचं मनगट ओरबाडून काढलं.

इकडे मोरीत गुडगुड सुरू झाली. जाळी उचलली गेली आणि काळं पाणी वर यायला लागलं. अख्ख्या गल्लीची घाण, साबणाचा फेस, केसांचे गुंते आणि सांगू नये ते. माझ्या मोरीत!

"मावशी, चला लवकर!" ट्रकवाला खिडकीशी येऊन ओरडला. "मांजरं राहू द्या, आपली आपण जगतील."

"आई, तुम्ही व्हा पुढे," सून म्हणाली. "मी यांना सोडून येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मांजरांपायी जीव देतेस? मुलाला काय सांगू मी?"

"पेट्या धुतल्या नसत्या तर आत्ता आपण ट्रकमध्ये असतो, हे सांगा."

कपाळ माझं! पाणी मोरीचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आलं. सुनेने स्टुलावर बसून पाय वर घेतले, पण जागची हलली नाही. मग एकदम माझ्या गाऊनकडे बघायला लागली.

"त्यांना ओळखीचा वास हवा. वकील रोज दुपारी तुमच्या धुवायच्या कपड्यांत झोपतो."

"काय?"

"तुम्हाला कळलं असतं तर बादलीला झाकण लावलं असतंत. म्हणून नाही बोलले."

अंगावर सर्रकन काटा आला. पण वाद घालायला वेळ कुठे होता! आतल्या खोलीत जाऊन धुतलेला गाऊन चढवला आणि उतरवलेला कात्रीने उभा फाडला. नाकाशी आला तेव्हा कळलं. घामट, आंबूस, म्हातारा वास. जन्मभर लोकांच्या वासाला नाक मुरडलं, आणि माझा हा असा! दोन तुकडे दोन पेट्यांत कोंबले. वकील फ्रिजमागून निघाला, माझ्या काखेच्या कापडात नाक खुपसलं आणि गोल फिरून आत बसला. मेल्याला तो वास आवडतो! चिमटी दुसऱ्या पेटीत गेली. सुनेने कड्या लावल्या आणि आम्ही घोट्याएवढ्या घाणीतून बाहेर पडलो.

शाळेच्या हॉलमध्ये गाद्या अंथरल्या होत्या. ट्रकमध्ये घाबरून वकिलाने पेटीतच कार्यक्रम उरकला होता. काय तो दर्प! डोळ्यांत पाणी आलं. सुनेने पेट्या आमच्या मागे ओढून वर चादर टाकली.

शेजारच्या गादीवरची बाई नाक दाबून उठली आणि हॉलच्या व्यवस्थापकालाच घेऊन आली. नीटनेटकी बाई, अगदी माझ्यासारखी.

"इथे मांजरं आहेत. बघा कसला वास सुटलाय!"

व्यवस्थापक म्हणाला, "घाण करत असतील तर बाहेर व्हरांड्यात ठेवावी लागतील."

व्हरांड्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. वरच्या पायरीवर भिजलेली कुत्री उभी होती. सुनेने पेटीची मूठ घट्ट धरली.

"मांजरांचा नाहीये तो वास," मी म्हणाले. "माझा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? वय झालं. ट्रक हिंदकळला आणि सुटलं माझं. आता सगळ्यांसमोर उठून दाखवू का?"

अख्ख्या हॉलने ऐकलं. व्यवस्थापकाची मान खाली गेली, तो पुटपुटत निघून गेला. मी भिंतीकडे बघत बसले. कान तापले होते. सुनेने माझ्या मांडीवर शाल टाकली.

शेजारच्या बाईने आपली गादी लांब सरकवली. मीही तेच केलं असतं.