स्क्रीन बंद ठेवून

आमचे संगणक ज्या प्रणालीवर चालतात, ते आमचं लिनक्स बंद होणार होतं. जी हौशी मंडळी ते फुकटात सांभाळत होती, त्यांनी रीतसर कळवलं की आता झेपत नाही, महिनाअखेरीनंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत, दुसरं काही बघा. आमच्या ब्रेल छापखान्याचा सगळा कारभार त्याच्यावर. व्यवस्थापकांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर वहिनीला चालेल असं काही सापडलं नाही, तर ते छपाईचं यंत्र डोळस माणसाकडे देणार होते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला जन्मापासून दिसत नाही, पण अकरा वर्षं ते यंत्र तिच्याच हाताखाली आहे. ते तिच्याकडून काढून घ्यायचं, या विचारानेच माझं डोकं फिरलं.

चार दिवस झपाटल्यासारखा मी सोळा प्रकारची लिनक्सं पालथी घालत होतो. रंग, चिन्हं, वेग, सगळ्याला गुण दिले. निवडलेल्या तिन्हींचे पेन ड्राइव्ह शुक्रवारी सकाळी तिच्यापुढे ठेवले आणि पहिलं किती देखणं आहे ते सांगत सुटलो.

"कोणासाठी?" तिने विचारलं. मग म्हणाली, "भावोजी, स्क्रीन बंद करा."

स्क्रीन बंद करतानाच माझी चूक माझ्या लक्षात आली. मी प्रत्येक लिनक्स आधी डोळ्यांनी बघून बसवलं होतं आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज मागाहून चालू केला होता. बसवतानाच ते बोलतं का, हे मला सुचलंच नव्हतं. आणि म्हणे अकरा वर्षं ब्रेल छापखान्यात आहे मी.

पहिलं मुकं. दुसरंही मुकं. तिसरं म्हणजे करड्या रंगाचं एक ध्यान, जेमतेम यादीत आलेलं. त्याने 'टिंग' केलं. वहिनीने ती खूण ओळखून चटकन कळा दाबल्या आणि घोगरा आवाज आला: भाषा निवडा.

वहिनी ताठ बसली. आजवर लिनक्स बसवायचो मी, ती शेजारी वाट बघायची. आता तिची बोटं भराभर चालली होती. आवाजाने विचारलं, कोणती डिस्क पुसू? मोठीवर आमची सगळी पुस्तकं होती. माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला.

"हात मागे घ्या," ती म्हणाली.

दोन्ही डिस्कांची नावं आणि आकार तिने दोनदा ऐकले आणि लहान डिस्क निवडली. पुस्तकं शाबूत राहिली. अर्ध्या तासाने छपाईचं यंत्र खडखडू लागलं तेव्हा मला नाचावंसं वाटत होतं. व्यवस्थापकही दारात येऊन उभे राहिले होते.

वहिनीने कागद फाडून माझ्या हातात दिला. मला ब्रेल वाचायला डोळेच लागतात, तेही पहिलीतल्या पोरासारखे अक्षर-अक्षर जुळवत. एकच ओळ होती. मी ती व्यवस्थापकांना मोठ्याने वाचून दाखवली.

"भावोजी, आता तुमच्यासाठी स्क्रीन लावलीत तरी चालेल."