दादांचा थांबा

चिमीने फोन दादाच्या टेबलावर ठेवला, आवाज वाढवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. नाहीतर ते ताल धरायला लागले असते, आणि परवानगी मागायला आलेल्या माणसाने ताल धरणं बरं दिसत नाही.

फोनमधून बायकांचे आवाज आले. शिवणवर्गाच्या हॉलात संध्याकाळी जमणारा तिचा गायकवृंद. दादाचं ते सगळ्या जगाला पाठ असलेलं गाणं तिने त्यांच्यासाठी तीन आवाजांत बसवलं होतं. कुणाच्यातरी सुनेने हौसेने ते इंटरनेटवर टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी ते तिथून गायब झालं. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीने कळवलं, मूळ संगीतकाराची लेखी संमती आणा. बायका खट्टू झाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, संगीतकार म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ, त्याच घरात खाली राहतो. मग काय, घरचंच काम, म्हणत त्या निर्धास्त झाल्या. घरचं काम किती अवघड असतं ते त्यांना काय ठाऊक.

नवरा गेल्यावर दादाने तिला वरची खोली दिली. त्यावरून तो कधी बोलला नाही, वहिनीही बोलली नाही. कुणी बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे चांगलेच वागत, आणि त्या चांगुलपणाने साठी उलटेपर्यंत तिचं तोंड शिवून ठेवलं होतं.

दादा डोळे मिटून ऐकत होता. दुसरी ओळ आली तसा त्याने हात वर केला.

"थांबव."

तिने थांबवलं.

"इथे थांबायचं असतं, चिमे. तुझ्या बायका सरळ पुढे गेल्या."

"मी तिथे सूर भरलेत."

"तेच म्हणतोय. त्या जागेत भर घालतं का कोणी?"

त्या जागेला लोक 'दादांचा थांबा' म्हणत. ओळ अर्ध्यातच तुटते, क्षणभर काहीच नाही, आणि मग गाणं भलत्याच उंचीवरून पुढे सुरू होतं. कार्यक्रमांत लोक त्या शांततेला टाळ्या देत आणि तिचा सत्यानाश करत. मुलाखतीत कुणी विचारलं की दादा सांगे, शब्द संपतात तिथे वेदना सुरू होते. चिमीने हे भाजी निवडताना टीव्हीवर ऐकलं होतं. "बसला थांबा असतो, गाण्याला कसला," असं ती पुटपुटली, तेव्हा वहिनी खुदकन हसली होती.

आता वहिनी चहा घेऊन आली.

"झाली का सही?"

"एकच अट आहे," दादा म्हणाला. "थांबा परत घालायचा. बाकी काय हवं ते कर. अगं, गाणं तुझंच समज."

तुझंच समज. ज्याची वस्तू, त्यालाच असं म्हणता येतं. चिमीला संताप आला, आणि सवयीने तो तिने गिळायलाही घेतला. थांबा घालायचा, सही घ्यायची, वर जायचं. बायका खूश, दादा खूश. फक्त ते सूर मग कुणाच्याच कानावर पडणार नव्हते. ती गेली की तिच्याबरोबर जाणार होते.

तिने हात मांड्यांखालून काढले.

"तिथे का थांबायचं, दादा?"

"का म्हणजे? तो गाण्याचा प्राण आहे."

"दूध उतू जात होतं."

दादाने कप उचलला होता, तो तसाच राहिला.

"तुमच्या बाळाला ताप होता," चिमी म्हणाली. "वहिनी जागून जागून झोपली होती. मी त्याला कडेवर घेऊन गुणगुणत होते, मनाला येईल तसं. गॅसवर त्याचं दूध. ते एकदम वर आलं म्हणून गप्प झाले आणि पातेलं उतरवलं. पण डोक्यात चाल सुरूच होती ना. परत तोंड उघडलं ते पुढच्या जागेवरून. तू बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसला होतास."

चहा ठेवून निघालेली वहिनी दारातच उभी राहिली. ती परत आत आली नाही, गेलीही नाही.

आता हा हसेल, काहीतरीच तुझं म्हणेल, असं चिमीला वाटलं. मग वरची खोली तिची राहणार नव्हती. कुणी जा म्हणणार नव्हतं, पण राहणार नव्हती. तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

दादाने कप खाली ठेवला.

"परत लाव."

तिने लावलं. दादा ओठांतल्या ओठांत बायकांबरोबर गात होता. ती जागा आली तसे त्याचे ओठ सवयीने मिटले. बायका पुढे गेल्या. बाळाला थोपटताना येतील असे ते साधे सूर, चढत चढत पुढच्या ओळीला जाऊन मिळाले.

"मी किती बसलो पेटीवर," दादा म्हणाला. "तिथे काय असेल ते सापडेचना. म्हणून रिकामं सोडलं."

"विचारायचंस."

"कसं विचारणार?"

इतकी वर्षं ती वर अडकून पडली होती आणि हा खाली, हे तिला आत्ता कळत होतं.

दादाने संमतीचा कागद ओढला आणि सही केली. सहीखाली 'मूळ संगीतकार' म्हणून त्याचं नाव कंपनीने आधीच छापून पाठवलं होतं. त्या नावाकडे तो पाहत राहिला, मग कागद तिच्यापुढे सरकवला.

"थांबा नको घालूस," एवढंच म्हणाला.

चिमी कागद घेऊन निघाली. वहिनीने बाजूला होऊन वाट दिली आणि जाता जाता तिचा दंड घट्ट धरून सोडला.

ती जिन्याच्या मध्यावर पोहोचली तेव्हा खाली पेटीचा भाता हलला. दादा ती जागा शोधत होता. एकदा चुकला, पुन्हा चुकला, त्याच सुरावर. चिमी कठड्याला धरून उभी राहिली. या घरात तिने त्याची चूक कधी काढली नव्हती.

"दादा," तिने वरूनच हाक दिली, "गंधार कोमल आहे तो."

पेटी गप्प झाली. मग कोमल गंधार वाजला, जरा बिचकत.

"असा?" त्याने खालून विचारलं.

"हां. चल पुढे."