एकाने दाबायचं, एकाने ओढायचं

सासऱ्यांनी चपला काढल्या, पिकअपच्या मागच्या बाकावर चढून बाळाच्या सीटमध्ये गुडघा रोवला आणि सुनेला म्हणाले, "तुझ्या वडिलांना सांग, आता ओढा म्हणावं."

तिचे वडील, आप्पा, पलीकडच्या दारात पट्टा धरून उभे होते. पेशाने वायरमन, अंगाने काडी पैलवान.

"तुझ्या सासऱ्यांना सांग," आप्पा म्हणाले, "आधी नीट दाबा म्हणावं. एवढं वजन देवाने काय उगाच दिलंय?"

सुनेने दोन्ही निरोप पोचवले नाहीत. ते पोचतच होते.

सासरे रंगारी. लग्नाआधी त्यांनी नव्या जोडप्याच्या खोलीला मन लावून पिस्ता रंग दिला होता. दुसऱ्याच दिवशी, लेकीला पंख्याचं बटण पलंगाजवळ हवं म्हणून आप्पांनी तीच भिंत फोडली. दोघांनीही केलं ते प्रेमानेच, आणि त्यावरून दोघे व्याही जे फुगून बसले ते आजतागायत. चिमी तीन महिन्यांची झाली, तिला दोन आजोबा होते, पण एका वेळी एकच. एक आला की दुसऱ्याला हमखास काहीतरी काम निघायचं. सुनेला याचं फार वाईट वाटे. दोन दिवसांनी चिमीला लस द्यायला न्यायचं होतं, नवरा बाहेरगावी होता, म्हणून सासऱ्यांची गाडी ठरली. आणि ही सीट अशी, की एकाने दाबल्याशिवाय आणि दुसऱ्याने ओढल्याशिवाय घट्ट बसत नाही. तिने आप्पांना फोन केला होता तो एवढ्याच आशेवर.

घरात चिमी रडली. "आलेच," म्हणून सून गेली ती गेलीच.

मग सासऱ्यांच्या गुडघ्याला कळ लागली.

"ओढा की."

"दाबा की."

आप्पांनी सगळा जीव लावून पट्टा ओढला. तो कचकन बसला, आप्पांचा हात सटकला आणि ते मागे, गाडीतून उतरवून ठेवलेल्या रंगाच्या डब्यांवर जाऊन आदळले. डबे अंगणभर गडगडले.

"लागलं का हो?"

"नाही. कुठे रंग ओला नाही ना, तेवढं सांगा. तुमच्या त्या भिंतीपायी माझा शर्ट गेला."

"कुठला शर्ट?"

"चौकड्याचा. अजून आहे घरी. अर्धा पिस्ता झालाय."

सासरे हसायला लागले. आधी पोट हलायला लागलं, मग पोटाबरोबर अख्खी गाडी. सीट तेवढी हलली नाही. हसण्याच्या नादात त्यांना खाली उतरता येईना, तेव्हा आप्पांनीच हात दिला.

सून खिडकीतून बघत होती. चिमी केव्हाच गप्प झाली होती. इतकं हलकं तिला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

चहा झाला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आप्पा नुसतं "येतो" म्हणाले, सासरे नुसतं "बरं" म्हणाले. पुन्हा कधी, हे कुणी विचारलं नाही. आप्पा गेले आणि त्यांच्या पाठोपाठ सासरे कोपऱ्यावर दूध आणायला.

सून चिमीला खांद्यावर घेऊन गाडीपाशी आली. सीट हलवून पाहिली. जागची हलेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पट्ट्याचं लाल बटण दाबलं. पट्टा सर्रकन ढिला पडला. तिथूनच तिने फोन लावला.

"आप्पा, ती सीट जरा हलतेय. सकाळी परत याल का?"

"माहितीये," आप्पा म्हणाले. "तुझ्या सासऱ्यांचा आत्ताच फोन येऊन गेला. सीट हलतेय, उद्या याच, म्हणाले."

तिने रस्त्याकडे पाहिलं. सासरे अजून दूध घेऊन परतलेही नव्हते.