टोकापर्यंत उजेड

माझी बायको मालन हट्टी आहे, हे मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. पण तो हट्ट किती कामाचा असतो, हे कळायला ब्याऐंशी साल उजाडावं लागलं. त्या वर्षी सातपूरला आमच्या वसाहतीतल्या विहाराचा नवा हॉल बांधून झाला. बुद्ध पौर्णिमेला तिथे वसाहतीतल्या बायकांच्या वतीने एक दिवा लावायचा, असं मालनने परस्पर जाहीर करून टाकलं. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी वायरमन, दिवा म्हटलं की नवरा फुकटात राबणार हे तिने गृहीतच धरलं होतं.

मालन पाट्यांच्या कारखान्यात कामाला होती. पत्र्यावर कपबशीसारखा चकचकीत मुलामा चढवायचा आणि भट्टीत भाजून घरांचे नंबर, दुकानांची नावं तयार करायची, असं तिथलं काम. त्या भट्टीत काच वितळून एकजीव होते, हे तिने फुटक्या बांगडीचे दोन तुकडे टाकून पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं. तिने घरोघरी जाऊन फुटक्या बांगड्या गोळा केल्या. एका शनिवारी, मालकांची परवानगी काढून, पोलादी पत्र्यावर खडूची भुकटी पसरली, तिच्यावर पिंपळपानाच्या आकारात तुकडे रचले आणि पत्रा भट्टीत सरकवला. काच वितळल्यावर भट्टी बंद केली. मालक म्हणाले, दार उघडून बघू तरी. तर ही दारासमोर जाऊन उभी राहिली. काच घाईने गार झाली तर तडकते, सोमवारपर्यंत कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. मालक बिचारे हसत घरी गेले.

सोमवारी ते पान आमच्या घरी आलं. सुपाएवढं मोठं, अखंड, हातात जड. लाल बांगड्या भट्टीत जरा काळवंडल्या होत्या, पण पिवळा, निळा, आमसुली, सगळे रंग एकमेकांत हात घालून बसल्यासारखे दिसत होते. खरं सांगतो, मी पानाकडे कमी आणि बायकोच्या हातांकडे जास्त बघत होतो. ते तिला दिसलं. "बघत काय बसलात? खोकं करा," म्हणाली.

कुणाची बांगडी कुठे बसली आहे, हे मालनला तोंडपाठ होतं. पानाच्या निमुळत्या टोकाला गडद हिरव्या बांगड्या होत्या, त्या नवसाबाईंच्या. नवसाबाई मूळच्या चांदवडकडच्या, आमच्या वसाहतीत एकट्या राहायच्या. त्यांची मुलगी सुमन लग्न ठरलेलं असताना तापाने गेली होती. तिच्या चुड्यासाठी आणलेल्या बांगड्या नवसाबाईंनी इतकी वर्षं डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या मालनच्या हातात देताना म्हणाल्या, "फोडायच्या त्या तूच फोड बाई, माझ्याच्यानं नाय व्हायचं. पर दिवा लागल्यावर मला त्या दिसल्या पायजेत." मालनने शब्द दिला, आणि मानाची जागा म्हणून त्या टोकाला बसवल्या.

तिथेच घोटाळा झाला. मी लाकडी खोकं केलं, मधोमध साठचा बल्ब लावला, समोर पान बसवलं आणि ऐटीत बटण दाबलं. पानाच्या पोटात एक पिवळा गोळा पेटला, कडा मळकट राहिल्या आणि टोक तर काळं ठिक्कर. नवसाबाईंच्या बांगड्या तिथे आहेत हे सांगूनही कळलं नसतं.

विहार समितीचे अध्यक्ष गोरक्षभाऊ बघायला आले. स्वभावाने मोकळे, पण भपक्याची भारी हौस. "देवराम, दोनशेचा लाव. पाहुण्यांचे डोळे दिपले पाहिजेत," म्हणाले. मीही लावला. गोळा आणखी मोठा झाला, टोक तसंच राहिलं, आणि काच इतकी तापली की मालन ओरडली, "बंद करा, तडकेल!" मग मी आखूड ट्यूब आणून लावली. पानाच्या मधोमध एक पांढरा पट्टा उठला. माझं डोकं फिरलं. पक्कड फेकली आणि म्हणालो, "तुझ्या पानालाच टोक नको होतं!" यावर ती एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की समजायचं, तिला काहीतरी सुचलंय.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून पांढऱ्या मुलाम्याचा एक टाकाऊ पत्रा आणला. म्हणाली, "आमच्याकडे पाटीवर डाग राहिलाय का ते बघताना दिवा पाटीवर मारत नाहीत. पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून लावतात. भिंतीवरून जो उजेड येतो तो सगळीकडे सारखा पडतो. तुमच्या बल्बची तोंडं फिरवा." मी हातभर खोल असं नवं खोकं केलं. मागे तो पांढरा पत्रा ठोकला, पानाच्या कडेने चौकटीआड लपवून झिरोचे बल्ब बसवले, सगळे पाठ फिरवून, पत्र्याकडे बघणारे. हवा खेळायला वर-खाली भोकं पाडली. बटण दाबलं आणि मी स्वतःच "अरे!" म्हणालो. गोळा गेला, पट्टा गेला. पान देठापासून उजळलं. इतकी वर्षं दिवे लावतोय, पण दिव्याला पाठ करून बसवायची अक्कल मला कधी आली नव्हती, आणि बायकोला ती आली याचा मला मनापासून आनंद झाला.

आनंद झाला तो मला. मालन टोकाकडे बघत होती. उजेड आता तिथेही पोचत होता, पण गडद हिरवी काच तो पिऊन टाकत होती. शेजारच्या पिवळ्या-निळ्या झळाळीपुढे टोक विझल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "आता याहून जास्त उजेड टोकाला देता येणार नाही. वायरमन म्हणून सांगतो."

"मग बाकीच्यांचा कमी करू," ती म्हणाली.

तिने बटर पेपर आणला. पिवळ्यामागे तीन थर, निळ्यामागे दोन, लालसर भागामागे एक, असा कापून-कापून काचेच्या पाठीला चिकटवत गेली. दिवा लावायचा, लांब जाऊन बघायचं, विझवायचा, पुन्हा चिकटवायचं. हिरव्यामागे काहीच नाही. गोरक्षभाऊंना कळलं तेव्हा ते वैतागून आले. पोटातला सगळ्यात झळझळीत पिवळा त्यांच्याच बायकोचा, लताबाईंचा होता. "मालनवहिनी, एका टोकासाठी अख्खं पान मंद करता? पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांच्या बांगड्या नाहीत त्यात, भाऊ," मालन म्हणाली. मला हसू आवरेना, म्हणून मी खोक्यात डोकं घालून वायरी तपासत बसलो.

पौर्णिमेच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. वंदना झाली, भाषणं झाली. मी बटण दाबलं. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात पान लागलंय की नाही हेच समजेना. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गोरक्षभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरची लाइट तोडलीय. मालन उठली, सरळ भिंतीपाशी गेली आणि कुणाला न विचारता सगळ्या ट्यूब बंद केल्या.

हॉलमध्ये अंधार झाला. भिंतीवर पान होतं. कुठे झगमग नाही, कुठे काळोख नाही, देठापासून टोकापर्यंत एकसारखा, शांत उजेड. अशी सुंदर वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि ती माझ्या बायकोने केली होती. गोरक्षभाऊ ट्यूब लावायला उठले, तर लताबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग बाया पुढे सरकल्या. "ही माझी निळी!" "ही बघ, आईची आमसुली!" एकच गलका झाला.

नवसाबाई शेवटी आल्या. बायांनी वाट दिली. त्या टोकापाशी उभ्या राहिल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. हिरवा रंग त्यांच्या चेहऱ्यावर उतरला होता. मालन त्यांच्याजवळ गेली. "दिसतात ना, मावशी?" तिने विचारलं.

"दिसत्यात बाई," नवसाबाई म्हणाल्या. "चुडा भरायला सगळ्या बायांत बसायची राहिली व्हती माझी सुमन. आज बसली."

त्यानंतर कुणी आपापली बांगडी शोधली नाही. बाया तिथेच नवसाबाईंभोवती खाली बसल्या, आणि सुमन कशी होती ते त्यांना विचारू लागल्या.