वकिलाच्या रकान्यातली सही

शिंपीणबाईच्या लेकाला चोरीबद्दल तीन वर्षं व्हायची, ती सहा झाली. सात वर्षांपूर्वी त्याने एका मारामारीचा गुन्हा कबूल केला होता, आणि दुसऱ्या खेपेला शिक्षा दुप्पट. अपिलाची मुदत उद्या संपत होती. बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

वकीलबाईंनी जुना कागद पुढे सरकवला. "तेव्हा त्याला वकील नव्हता असं ठरलं, तर ती कबुली बाद आणि वाढीव तीन वर्षंही बाद. पण इथे वकिलाची सही आहे. हा माणूस कुठल्याच यादीत सापडत नाही."

सापडणार कसा? सही बाईचीच होती. त्या दिवशी वकील फिरकलाच नाही. कारकून म्हणाला, हा रकाना रिकामा असेल तर पुढची तारीख. दुकानात बारा कोट काज-बटणांसाठी खोळंबलेले. बाई मोठी कामाच्या उरकाची! "वकील म्हणाले, कबूल कर," असं लेकाला ठोकून दिलं, रकाना भरला आणि दुपारच्या आत मशीनवर येऊन बसली. कारकुनाने वर पाहिलंसुद्धा नाही.

तिने सगळं ओकून टाकलं.

"हे लिहून दिलंत तर खोट्या सहीचा खटला तुमच्यावर होईल," वकीलबाई म्हणाल्या. "आणि खाली लेकाचीही सही लागेल."

तुरुंगात लेकाने कागद वाचला आणि काचेखालच्या फटीतून परत सरकवला.

"मी नाही करणार सही."

"अरे, ती सही माझी होती."

"माहीत आहे. प्रगतिपुस्तकावर तीच बघत मोठा झालोय मी."

"मग खटल्यात बोलला का नाहीस?"

"आणि तुला इथे आणून बसवू? सहा वर्षं काढीन मी, आई."

ती रागावली, तिने गयावया केली, शेवटी ती रडली. "डोळे पूस, लोक बघताहेत," एवढंच तो म्हणाला. भेटीची वेळ संपली. पेनाला त्याने हात लावला नाही.

"एकट्या आईच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवेल?" परतल्यावर तिने विचारलं.

"अवघड आहे."

बाईने आपल्या नावापुढे सही केली. खाली लेकाची जागा रिकामी होती. त्याची सही तिला डोळे मिटून करता आली असती. पेन हळूच खाली सरकलं.

वकीलबाईंनी तिचं मनगट धरलं, आणि बराच वेळ सोडलं नाही.